मुदतीचा ताप: टायफॉइडच्या उशाशी बसलेली माणसं

मागचे तीन आठवडे एपिसोड आला नाही, त्याबद्दल आधी सॉरी. बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलंत, कुठे गायब झालीस? कारण साधं होतं. टायफॉइड. पाच दिवस ताप उतरेना म्हणून रक्त तपासलं, गोळ्या सुरू झाल्या, आणि आई गावाहून येऊन माझ्या खोलीवर राहिली. आज आवाज थोडा बसलेला वाटेल, तेवढं सांभाळून घ्या.

आजीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे मुदतीचा ताप म्हण की!" हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय, पण त्याच्या अर्थाकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. मुदत. कर्जाला असते तशी. हा ताप आपली मुदत ठरवूनच घरात यायचा. तीन आठवडे, कधी चार. औषध द्या, अंगारा लावा, काहीही करा, मुदत भरेपर्यंत तो हलायचा नाही. आणि मुदत संपली की दोनच गोष्टी व्हायच्या. एकतर ताप जायचा, नाहीतर माणूस. औषध नव्हतं त्या काळात शंभरातले साधारण दहा ते वीस रुग्ण जायचे.

मग त्या तीन-चार आठवड्यांत घरातले लोक करायचे काय? पडल्यापडल्या माझ्या डोक्यात हाच प्रश्न घोळत होता. म्हणून आज तीन गोष्टी. पहिली अमेरिकेतल्या डेटन शहरातली, दुसरी आपल्या गिरगावातली आणि तिसरी न्यूयॉर्कमधली. तिन्हीत टायफॉइड आहे. पण माझी विनंती आहे की रुग्णाबरोबरच त्याच्या उशाशी कोण बसलंय, तेही बघा.

गोष्टींआधी आजाराबद्दल दोन मिनिटं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. टायफॉइडचा जंतू म्हणजे साल्मोनेला टायफी. १८८० मध्ये कार्ल एबर्थ या जर्मन डॉक्टरने तो पहिल्यांदा पाहिला. हा जंतू फक्त माणसातच राहतो. गाय नाही, डास नाही, उंदीर नाही. एका माणसाच्या विष्ठेतून तो पाण्यात किंवा अन्नात जातो आणि तिथून दुसऱ्याच्या तोंडात. ऐकायला किळसवाणं आहे, पण सगळी गोम इथेच आहे. प्रत्येक टायफॉइडच्या मागे दुसरा एक माणूस असतो. तो कोण, हे बहुतेक वेळा कळतही नाही.

पोटात गेल्यावर जंतू आतड्यातून रक्तात शिरतो. ताप रोज थोडा थोडा चढत जातो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माणूस ग्लानीत जातो, बडबडायला लागतो. सगळ्यात भीती तिसऱ्या आठवड्याची, कारण तेव्हा आतड्याला जखमा होऊन रक्तस्राव होऊ शकतो, आतडं फुटूही शकतं. आपल्याकडे टायफॉइडच्या माणसाला पेज आणि मऊ भातच देतात, त्यामागे हीच भीती आहे.

आता पहिली गोष्ट.

डेटन, १८९६

ओहायो राज्यातलं डेटन. हॉथॉर्न स्ट्रीटवर ७ नंबरचं साधं लाकडी घर. घरात दोन भाऊ, त्यांचं सायकलींचं दुकान. धाकटा ऑर्व्हिल, नुकताच २५ वर्षांचा झालेला. मोठा विल्बर, २९ वर्षांचा. हो, तेच राइट बंधू. पण विमान अजून सात वर्षं लांब आहे. या क्षणी ते फक्त सायकलवाले आहेत.

ऑगस्टच्या अखेरीस ऑर्व्हिलला टायफॉइड झाला. ताप १०५ पर्यंत गेला. तो भ्रमात बडबडायला लागला. आई नव्हती. ती १८८९ मध्येच क्षयाने गेली होती आणि तिच्या शेवटच्या आजारपणात विल्बरनेच तिची सेवा केली होती. वडील, बिशप मिल्टन राइट, चर्चच्या कामासाठी सतत फिरतीवर असायचे. राहिली बहीण कॅथरीन, २२ वर्षांची, ओबर्लिन कॉलेजात शिकणारी. सुट्टी संपत आली होती. तिने कॉलेजला परत जाणं पुढे ढकललं आणि विल्बर आणि ती पाळीपाळीने ऑर्व्हिलजवळ बसायला लागले.

वडिलांनी बाहेरगावाहून पत्र पाठवलं. त्यातल्या सूचना वाचताना मला फार गंमत वाटली, कारण त्या तंतोतंत माझ्या आईसारख्या आहेत. ऑर्व्हिलला सगळ्यात चांगल्या, हवेशीर खोलीत ठेवा. अंग हलक्या हाताने पुसून घ्या. आणि दुकानातल्या विहिरीचं पाणी यापुढे कुणीही पिऊ नका, पिण्याचं पाणी उकळून घ्या. १८९६ मध्ये चर्चच्या एका बिशपला कळलं होतं की ताप विहिरीतून आलाय. औषध मात्र कुणाकडेच नव्हतं. म्हणजे कारण माहीत होतं आणि उपाय माहीत नव्हता. ही अवस्था किती वाईट असेल, विचार करा.

ऑर्व्हिलला उठून बसायलाच महिना लागला. त्याच दिवसांत विल्बरने एक बातमी वाचली. जर्मनीत ओटो लिलियनथाल नावाचा माणूस स्वतः बनवलेल्या ग्लायडरने उडायचा. ऑगस्टमध्ये तो पडून मेला. पुढे विल्बरनेच लिहून ठेवलंय की या बातमीने उडण्याविषयीचं त्याचं जुनं कुतूहल पुन्हा जागं झालं. एका बाजूला भाऊ तापाने फणफणलेला आणि दुसऱ्या बाजूला डोक्यात हवेत तरंगणारा माणूस. ३० मे १८९९ रोजी विल्बरने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उडण्यासंबंधी जे काही छापलं गेलंय त्याची माहिती मागवली. १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉकच्या वाळूवर ऑर्व्हिल १२ सेकंद हवेत राहिला. तोच ऑर्व्हिल, जो सात वर्षांपूर्वी अंथरुणात उठून बसू शकत नव्हता.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. १९१२ च्या वसंतात विल्बर बॉस्टनला गेला असताना आजारी पडला. घरी आला. पुन्हा टायफॉइड. पुन्हा तेच कुटुंब, तीच बहीण. आता पैसा होता, नाव होतं, जगभरात ओळख होती. डॉक्टर येत-जात होते. आणि जवळजवळ चार आठवड्यांनी, ३० मे १९१२ रोजी पहाटे, विल्बर गेला. वय ४५. स्मिथसोनियनला पत्र लिहिल्याला त्या दिवशी बरोबर तेरा वर्षं झाली होती.

मला ही गोष्ट सोपी करून सांगायचा मोह होतो, की प्रेमाने सेवा केली म्हणून ऑर्व्हिल वाचला. पण मग विल्बरच्या वेळी सेवा कमी पडली का? नाही. सेवा तीच होती. सेवेने माणूस वाचेलच असं नव्हतं. ती फक्त त्याला मुदतीच्या शेवटापर्यंत न्यायची. पाणी पाजायचं, अंग पुसायचं, कपडे बदलायचे, भ्रमात उठून पळू लागला तर धरून ठेवायचं. पुढचं नशीब.

गिरगाव, १९०२

आता आपल्याकडे येऊ. साल १९०२. ३२ वर्षांचा एक बॅरिस्टर मुंबईत वकिली जमवायचा प्रयत्न करतोय. फोर्टमध्ये ऑफिस आणि गिरगावात भाड्याचं घर. घरात येऊन जरा कुठे स्थिरावतात, तोच दुसरा मुलगा आजारी पडला. मुलाचं नाव मणिलाल, वय दहाच्या आसपास. वडिलांचं नाव मोहनदास करमचंद गांधी.

मणिलालला टायफॉइड झाला, सोबत न्यूमोनिया. रात्री भ्रम व्हायचा. डॉक्टर पारशी होते, भला माणूस. त्यांनी स्पष्ट सांगितलं की औषधाचा फारसा उपयोग होणार नाही, मुलाला ताकद हवी, अंडी आणि कोंबडीचं सूप द्या. गांधी शाकाहारी. त्यांनी नकार दिला. मुलालाही विचारलं, तर तो म्हणाला मला हे नको. गांधींनी डॉक्टरांना विनंती केली की तुम्ही नाडी आणि छाती तपासत राहा, उपचार मी माझ्या पद्धतीने करतो. त्यांची पद्धत म्हणजे जलोपचार. टबमध्ये तीनच मिनिटं बसवायचं आणि पाणी घातलेला संत्र्याचा रस द्यायचा.

ताप उतरेना. १०४. गांधींनी 'सत्याचे प्रयोग' मध्ये स्वतःच लिहिलंय की त्यांच्या मनात काहूर माजलं होतं. लोक काय म्हणतील? मोठे भाऊ काय म्हणतील? आपली मतं मुलावर लादायचा बापाला काय हक्क? शेवटी त्यांनी चादर ओली करून, पिळून मुलाला गुंडाळली, वर दोन कांबळी घातली, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. अंग तापलेल्या लोखंडासारखं होतं, घामाचा थेंब नाही.

आणि मग ते घराबाहेर पडले. रात्रीचे दहा वाजले असतील. मुलाला आईच्या हवाली करून गांधी चौपाटीवर फिरायला गेले. मनात रामनाम. थोड्या वेळाने धडधडत्या छातीने परत आले तेव्हा मणिलालला घाम फुटत होता, ताप उतरत होता. पुढे चाळीस दिवस पाणी घातलेलं दूध आणि फळांचा रस यांवर ठेवून मुलगा बरा झाला.

ही गोष्ट सगळे गांधींच्या बाजूने वाचतात. श्रद्धेची कसोटी वगैरे. कुणी त्यांच्या विरोधातही वाचतात, की हा कसला हट्ट! मी आजारी असताना पहिल्यांदाच तिसरं माणूस दिसलं. तो जो चौपाटीवरचा वेळ आहे, त्यात त्या खोलीत कोण होतं? कस्तुरबा. मुलगा ओल्या चादरीत गुंडाळलेला, अंग पेटलेलं, नवरा बाहेर गेलेला. त्या वेळात त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते आत्मकथेत नाही. गांधींना आपल्या मनातला प्रत्येक किंतु लिहायला जागा मिळाली. कस्तुरबांच्या वाट्याला त्या प्रसंगात एवढंच आलं, की मुलाला आईवर सोपवून मी बाहेर पडलो.

एक गोष्ट मात्र गांधींच्या बाजूने सांगायलाच हवी. मुलगा माझ्या उपचारांनीच बरा झाला, असा दावा त्यांनी केलेला नाही. देवाची कृपा, पाण्याचे उपचार, की पथ्य आणि शुश्रूषा, नक्की कशामुळे ते कोण सांगणार, असं त्यांनी प्रामाणिकपणे म्हटलंय. हा मणिलाल पुढे दक्षिण आफ्रिकेत राहिला आणि १९५६ मध्ये जाईपर्यंत 'इंडियन ओपिनियन' हे वर्तमानपत्र चालवत राहिला. आणि हो, कृपा करून हे घरी करून बघू नका. १९०२ मध्ये डॉक्टरांकडेही औषध नव्हतं. आज आहे.

न्यूयॉर्क, १९०७

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. कारण हिच्यात ताप नाहीच.

मेरी मॅलन. १८६९ मध्ये आयर्लंडमध्ये जन्म. किशोरवयात एकटी अमेरिकेला आली. गरीब आयरिश मुलीला मिळतील ती कामं केली, पण तिच्या हाताला चव होती. श्रीमंत घरांत ती स्वयंपाकीण झाली. नोकरदार बाईसाठी तेव्हा हे वरचं काम, कपडे धुणाऱ्या बाईपेक्षा पगार चांगला.

१९०६ च्या उन्हाळ्यात लाँग आयलंडवर ऑइस्टर बे इथे एका बँकरने घर भाड्याने घेतलं होतं. घरातल्या ११ पैकी ६ जणांना टायफॉइड झाला. घरमालक हादरला, आता हे घर कोण भाड्याने घेणार? त्याने जॉर्ज सोपर नावाच्या इंजिनिअरला शोध घ्यायला सांगितलं. पाणी तपासलं, संडास तपासले, काही नाही. मग कळलं की आजाराच्या काही आठवडे आधी नवीन स्वयंपाकीण आली होती आणि नंतर ती नोकरी सोडून गेली. सोपरने तिच्या जुन्या नोकऱ्या शोधून काढल्या. ती ज्या आठ घरांत राहिली होती, त्यातल्या सात घरांत टायफॉइड झाला होता.

गंमत अशी की गरम शिजवलेल्या अन्नात हा जंतू मरतो. संशय गेला तो तिच्या प्रसिद्ध आइसक्रीमवर, ज्यात ताजी पीच फळं चिरून घातलेली असायची.

मार्च १९०७ मध्ये सोपर थेट तिच्या स्वयंपाकघरात गेला आणि म्हणाला, तू लोकांना आजारी पाडतेस, मला तुझी लघवी, शौच आणि रक्त तपासायला हवंय. एक अनोळखी पुरुष. स्वयंपाकघरात. मेरीने मांस कापायचा मोठा काटा उचलला आणि तो पळाला.

मग आरोग्य खात्याने एका बाई डॉक्टरला पाठवलं, सारा जोसेफीन बेकर. सोबत पोलीस. मेरी लपून बसली. काही तासांनी दारात अडकलेल्या तिच्या कपड्याच्या टोकावरून ती सापडली. बेकरने लिहिलंय की हॉस्पिटलपर्यंत अॅम्ब्युलन्समध्ये तिला चक्क मेरीच्या अंगावर बसून राहावं लागलं. आता ऐका. या बेकरचे वडील ती १६ वर्षांची असताना टायफॉइडनेच गेले होते. त्यानंतरच तिने डॉक्टर व्हायचं ठरवलं. म्हणजे त्या गाडीत दोन बायका होत्या आणि दोघींचंही आयुष्य एकाच जंतूने वळवलं होतं.

तपासणीत मेरीच्या शौचात जंतू सापडले. ती 'वाहक' होती. टायफॉइड होऊन गेलेल्यांपैकी थोड्या लोकांच्या पित्ताशयात जंतू वस्ती करून राहतात आणि वर्षानुवर्षं बाहेर पडत राहतात. त्या माणसाला काहीच होत नाही. आपल्याला कधी टायफॉइड झालाय हे मेरीला आठवतही नव्हतं. तिला आयुष्यभर हेच वाटत राहिलं की मी ठणठणीत आहे आणि हे लोक खोटं बोलतायत. १९०७ मध्ये ही कल्पनाच नवी होती. कुणी तुम्हाला येऊन सांगितलं की तुम्ही निरोगी आहात पण तुमच्या हातचं खाऊन माणसं मरतात, तर तुम्ही विश्वास ठेवाल?

खटला नाही, शिक्षा नाही, पण तिला नॉर्थ ब्रदर बेटावर ठेवलं. एका छोट्या घरात, एकटी. १९०९ मध्ये ती कोर्टात गेली, हरली. पेपरांनी तिला 'टायफॉइड मेरी' म्हणून गाजवलं, ती तव्यात कवट्या टाकतेय असं चित्र छापलं. १९१० मध्ये पुन्हा कधी स्वयंपाक करणार नाही या अटीवर तिला सोडलं. तिने धुणी धुतली. पैसे कमी पडले. आणि १९१५ मध्ये मॅनहॅटनच्या एका बाळंतपणाच्या हॉस्पिटलात २५ जणांना टायफॉइड झाला, दोघं मेले. मिसेस ब्राउन नावाने काम करणारी तिथली स्वयंपाकीण मेरी मॅलन होती.

इथे मला तिची बाजू पूर्ण घेता येत नाही. ती दोन माणसं कुणाची तरी होती. पण याच काळात न्यूयॉर्कमध्ये असे शेकडो वाहक सापडले आणि इतकी वर्षं कुणालाच कोंडून ठेवलं नाही. मेरीला परत बेटावर नेलं ते कायमचं. १९३२ मध्ये तिला पक्षाघात झाला. ११ नोव्हेंबर १९३८ रोजी ती गेली. दोन्ही वेळचे मिळून २६ वर्षं.

मुदतीचा ताप म्हणतो ना आपण? या बाईला ताप कधी आलेला कुणी पाहिला नाही, पण तिची मुदत संपलीच नाही. ऑर्व्हिलच्या उशाशी कॅथरीन होती. मणिलालजवळ कस्तुरबा होत्या. मेरी मात्र बेटावर एकटी होती. तिला नीट समजावून, पर्यायी पगाराचं काम देऊन सांभाळलं असतं तर १९१५ चं ते हॉस्पिटल वाचलं असतं का? खात्रीने कुणीच सांगू शकत नाही. पण पहिली भेट एखाद्या बोलण्याने झाली असती, मागणीने नाही, तर काटा उचलला गेला नसता एवढं मला वाटतं. आपण २०२० मध्ये पाहिलंय की. बिल्डिंगमध्ये कुणी पॉझिटिव्ह आलं की आपण त्या दाराकडे कसं बघायचो?

मुदत कशी संपली

१९४८ मध्ये क्वालालंपूरला डॉक्टरांनी क्लोरॅम्फेनिकॉल नावाचं नवं औषध टायफॉइडच्या रुग्णांना देऊन पाहिलं. तीन-चार दिवसांत ताप उतरला. हजारो वर्षांची मुदत तीन-चार दिवसांवर आली. त्याच वर्षी जानेवारीत ऑर्व्हिल राइट वारला होता, ७६ वर्षांचा होऊन. त्याच्या भावाला हे औषध ३६ वर्षं उशिरा आलं.

त्याच्याही आधी शहरांनी पाणी गाळून, क्लोरीन घालून टायफॉइड बराच मागे ढकलला होता. आता लसही आहे. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने नवी कॉन्जुगेट लस सरकारी मोहिमेतून एक लाखाहून जास्त मुलांना दिली. सरकारी यंत्रणेतून ही लस देण्याचा जगातला तो पहिलाच प्रयोग होता.

पण जंतूही शिकतोय. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये २०१६ पासून असा टायफॉइड पसरला ज्यावर बहुतेक नेहमीची औषधं चालत नाहीत. म्हणून बरं वाटायला लागलं की गोळ्या बंद करू नका. मीही करणार होते, खरं सांगते. सहाव्या दिवशी ताप गेला, मला वाटलं झालं. आईने पाकीट समोर धरलं आणि म्हणाली, "अजून आठ राहिल्यात."

तर आज एवढंच करा. घरात तुमच्या आजारपणात रात्री कोण जागलं होतं, ते आठवा. आणि ते माणूस अजून असेल तर एक फोन करा. माझी आई कालच गावी परत गेली. जाताना फ्रीजवर चिठ्ठी लावून गेलीये, पाणी उकळून पी. १८९६ च्या त्या बिशपचं पत्र आणि ही चिठ्ठी, मधे सव्वाशे वर्षं गेली, मजकूर तोच आहे.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.